तुझ्या खोलीखालचं पाणी

प्रिय गेना,

आधी शिव्या, मग खुशाली. तुझी खोली पाडली. तीच, निळ्या दाराची. कुलूप लावून किल्ली सुरतेला घेऊन गेलास ना? बस आता ती उराशी धरून! पाडली मीच, बापू नुसते खाटेवरून हुकूम सोडत होते.

दुसरं काय करणार होते मी? टँकर चार कोसांवर डांबरी सडकेलाच थांबतो. उंटीण घेऊन रोज तिथवर जायचं, आता तीही मला बघून तोंड फिरवते. तू मागवलेल्या यंत्रानं साडेपाचशे फुटांवरून जे खारं पाणी काढलं, त्यात डाळ शिजेना. होळीनंतर ही ढाणी, वाळूतली आपली एकटी वस्ती, सोडायचीच, असं मी बापूंना सांगून टाकलं. तर म्हणतात, "तू जा धापू, मी इथेच बरा." काय करायचं रे अशा माणसाचं?

मग त्यांनी वाळूत बेऱ्या, त्या पाझराच्या अरुंद विहिरी, खणणाऱ्या सुमारकाकांना बोलावलं. दोघं म्हातारे तीन दिवस वाळू हुंगत, चिमूटभर जिभेवर ठेवत हिंडले. चहा करून करून माझे हात मोडले. शेवटी दोघांनी एकाच जागी काठ्या टेकल्या, नेमक्या तुझ्या उंबऱ्यात! खोली बांधताना बापू घसा फोडून सांगत होते, की सकाळी मेंढ्या इथेच येऊन बसतात, खाली ओल आहे. तू म्हणालास, "आता मेंढ्यांना विचारून घर बांधू?" त्यावर ते जे बोलले ते बोलायला नको होतं. तू गेलास तो गेलासच. दोन वर्षांत एक ओळ नाही. दोघं बापलेक सारखेच हट्टी, आणि मधल्या मधे मी!

वरून खडा पडला तर म्हणून सुमारकाका डोक्यावर पितळी भांडं पालथं घालून, खणत खणत बेरीत उतरले. खाली हवा जावी म्हणून मी वरून मुठीमुठीनं वाळू फेकत होते. ते आतून ओरडायचे, "पोरी, वारा पाठव, माझे डोळे नको भरूस!" बत्तीस हातांवर खडूसारखा पांढरा थर लागला. तिथेच थांबायचं असतं. तो फुटला की सगळं खारं. काल सकाळपर्यंत पाझरून पाझरून एक घडा भरला. बोटाला लागलं तेवढं चाटलं मी. गोड रे, गेना! तिथेच बसून रडले.

आता पत्र कशाला लिहिलं ते ऐक. तो घडा फडक्यानं झाकून बापूंनी खाटेशेजारी ठेवलाय. स्वतः पीत नाहीत, मला हात लावू देत नाहीत. सुमारकाकासुद्धा खारंच पिऊन घरी गेले. बापूंचं एकच, "ज्याच्या खोलीखाली सापडलं, पहिला लोटा त्याचा." मी चुकलो, हे त्यांच्या तोंडून या जन्मी निघायचं नाही, जमलं ते एवढंच. टँकरचं पुरत नाही, खाऱ्या पाण्यानं रात्रंदिवस खोकतात, पण ऐकतील तर शपथ. ती किल्ली दे फेकून आणि मिळेल त्या गाडीनं ये. आम्हाला तहान लागलीय.

तुझीच थोरली बहीण,
धापूजीजी