विसाव्याची वाट

५ एप्रिल
आलो एकदाचे बडोद्यात! मांजलपूरला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, भरपूर उजेड, आणि आभाची शाळा हाकेच्या अंतरावर. अनिशची नोकरी अजून सुरतेलाच, त्यामुळे सध्या आम्ही मायलेकीच. माझं काम झकास आहे. आसपासच्या गावांतल्या जुन्या पायवाटा चालून पाहायच्या आणि कोणती वापरात, कोणती बंद, ते नोंदवायचं.

१४ एप्रिल
सतरा वाटा झाल्या. अठरावी नदीकाठच्या स्मशानाकडे जाते. गावातल्या रेवाबेन सांगत होत्या, अर्ध्या वाटेवर विसावा आहे. तिथे तिरडी टेकवतात, खांदे बदलतात, मगच पुढे जातात. पण ऊन मी म्हणत होतं. जीपमधूनच पाहिलं, नुसत्या बाभळी दिसल्या. 'प्रत्यक्ष चालून पाहिली, बंद' असं लिहून सही ठोकली. सगळेच तसं करतात.

२१ एप्रिल
यादीत 'बंद' म्हणून जेसीबीने ती वाट उकरून टाकली. रेवाबेन ऑफिसात आल्या आणि सगळ्यांदेखत मला म्हणाल्या, "बेन, विसामो तो जोईए ज. हवे तमारे त्यां." विसावा हवाच, आता तुमच्याकडे. मी हसण्यावारी नेलं.

२४ एप्रिल
भर दुपारी हॉलमध्ये अनवाणी पावलांचे मातकट ठसे. बाल्कनीपासून दारापर्यंत. मधोमध गुलाल सांडलेला. दार तर आतून बंद होतं.

२६ एप्रिल
दिसले. चार माणसं, खांद्यावर तिरडी. सोफ्यापाशी टेकवली, खांदे बदलले, गेले. माझ्याकडे पाहिलं ते मीच त्यांच्या वाटेत आल्यासारखं. फार भीती वाटते आहे.

२८ एप्रिल
साहेबांपुढे खोटी सही कबूल केली. म्हणाले, यादी वर गेली, आता काही होणार नाही. मग मी ती वाट चालायला गेले. जेसीबीचा खड्डा, पुढे वाटच नाही. रेवाबेननी मला पाहून दार लावून घेतलं.

२९ एप्रिल
आभाला घेऊन कारेलीबागेत नीरामावशीकडे आले. इथेही— दुपारी— स्वयंपाकघरातून—

३० एप्रिल
आज तिरडी रिकामी.
टेकवली. पण खांदे बदलत नाहीत. उठत नाहीत. चौघेही आभाकडे—
मी मध्ये उभी राहिले. सही माझी आहे, मला न्या म्हटलं. एकाने नुसती मान हलवली. नाही.
आभा म्हणते, आई, ती छोटी आहे, माझ्या मापाची—
एका हाताने लिहिते आहे, दुसऱ्यात तिचं मनगट घट्ट— ती ओढते आहे, तिला जायचंय— तिचा हात गार—
सुट