तीन पाडव्यांचा सालदार

नागपूर, सोमवार

बाबू मुखरू, तुले अन् सुनबाईले मायचा पोटभर आशीर्वाद.

मोटारीनं अंग खिळखिळं झालं, पण तुह्या पोराचा, डोमाचा हुतूतू पाह्यला. सारं कॉलेज त्याच्या नावानं वरडे! मले लय आनंद झाला. आता कॉलेज त्याले खेळाचा पगार देते म्हणते. कागदावर बापाचा आंगठा पायजे.

त्यानंच वाचून दाखवलं. तीन वर्सं दुसरीकडं खेळाचं नाई, आपल्या गावच्या मंडईच्या जत्रेतही नाई. मी म्हटलं, "म्हणजे सालदारच ठेवलं काय रे तुले?" तो हासला, पण सुजलेला गुडघा झाकून घेतला.

आपली कपिली गाय व्याली काय?

बाबू, आपला शेतातला सालदार गडी वर्सानं पाडव्याले मोकळा होते. हा तीन पाडवे नाई सुटत. आंगठा देण्याआधी त्याचा गुडघा पाहाले ये.

तुही थकलेली माय,
सुगंधा