पावसाळ्यातलं माहेर

सेक्टर २, भिलाई
९ जुलै १९६१

प्रिय देवाजीदादास,

पंचफुलाचा सप्रेम जयभीम. भागीरथा वहिनीलाही सांग. इकडे आम्ही तिघं बरे आहोत. तुम्हीही बरे असाल असं दरवेळी लिहिते, या वेळी लिहवत नाही, कारण तुझं पत्र वाचलं.

शीला पाच वर्षांची झाली. बोलणं मराठीत सुरू करते आणि हिंदीत संपवते. हे वायरमनच्या कामावर पक्के झाले. या आठवड्यात दुसरी पाळी आहे, दुपारी जातात ते रात्री येतात. पोलाद कारखान्याची नवी भट्टी सुरू झाल्यापासून संध्याकाळी आभाळ इतकं लाल होतं की नवीन आलेल्या बाया वाळत घातलेले कपडे काढायला धावतात, त्यांना वाटतं वादळ येऊन राहिलं. मीही धावायचे. आता फसत नाही. शेजारच्या कमलिनीबाईंनी लिंबाचं लोणचं दिलं, त्यात मीठ जास्त झालं आहे, पण तोंडावर कसं सांगणार?

बघ, मी लोणच्याचं लिहीत बसले. दादा, तुझं पत्र येऊन तीन दिवस झाले आणि माझा हात मूळ गोष्टीकडे जात नाही.

तू लिहिलंस, वहिनीला मुलगी झाली आणि ती पायाळू आहे. माझ्यासारखेच तिचेही आधी पाय बाहेर आले. सुईणीखेरीज कोणाला माहीत नाही, पण गावात किती दिवस झाकणार? पायाळू माणसावर वीज येते आणि तुझ्या घरात आणखी दोन लेकरं आहेत. माझ्या घरी एकच मूल, पुढे होणार नाही असं डॉक्टरीणबाई म्हणाली, तेव्हा मुलगी मीच न्यावी. आणि शेवटी लिहिलंस, "तुम्ही दोघी एका जागी राहाल."

तुला वाटलं असेल, पंची आनंदाने उडी मारील. खोटं कशाला बोलू, मारली. गेल्या वर्षीचं माझं बाळ रडलंच नाही, ते तुला ठाऊक आहे. त्यानंतर या घरात कोणी लहान मुलाचं नाव काढत नाही. तुझं पत्र मी यांना वाचून दाखवलं. ते ऐकून हे उठले. स्टुलावर चढले, पंख्याच्या हुकाला पाळण्याचा दोर बांधला आणि स्वतः त्याला लोंबकळले. म्हणाले, "माह्या वजनानं नाही तुटला, मंग तिच्यानं काय तुटते?" शीला टाळ्या पिटत होती. तो दोर तेव्हापासून तसाच लटकतो आहे. जाता-येता माझ्या डोक्याला लागतो.

तरी उत्तर लिहिता येईना. ते शेवटचं वाक्य घशाखाली उतरत नाही.

तुला आठवतं ना, उन्हाळ्यात माझा पाय साऱ्या गावाला चालायचा. कोणाच्या पाठीत उसण भरली की आपल्या दारात पालथा येऊन पडायचा आणि आई म्हणायची, "पंचे, मार वं हळूच लाथ." माझी लाथ लागली की माणूस उठून बसायचा, मला गूळ द्यायचा. पाटलाच्या म्हातारीलाही मी लाथ मारली आहे, एरवी ती आपली सावली अंगावर पडू देत नसे. पण मृग लागला की त्याच पायांना कोणी अंगणात उभं करत नव्हतं.

लग्नाच्या वेळी तू मला बजावलंस, सासरी सांगू नको. मी सांगितलं नाही. शीलाच्या बाळंतपणानंतर एकदा रडत रडत सांगितलं, वाटलं आता हे मला गावी पोचवतात. हे हसायला लागले आणि पालथे झोपले. म्हणाले, "अवं मंग आजवर सांगितलं कावून नाही? कमर धरली हाय माही, मार एक लाथ!" मग एक दिवस कारखान्याच्या चिमणीकडे बोट दाखवून त्यांनी मला समजावलं. वर तांब्याचा दांडा आहे, त्याची पट्टी थेट जमिनीत नेली आहे, वीज तिच्यावर पडते आणि मातीत निघून जाते. "ईजेले उंच पाह्यजे. कोन उलटा जल्मला, कोन सुलटा, तिले काय मालूम?"

मला पटलं. मनापासून पटलं. पण पटलेलं डोक्यात राहतं, भीती पोटात राहते.

तू तर माझ्याहून जास्त वाचलेला. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आलास, त्याच आठवड्यात घरातले देव टोपलीत भरून वैनगंगेत सोडलेस. किती अभिमान वाटला होता तुझा! आता सभेत उभा राहून लोकांना सांगतोस, जुनं सगळं टाका. दादा, देव टाकलेस आणि पायाळू तेवढं घरात ठेवलंस? तू मला दरवर्षी दिवाळीला नेतोस, साडी घेतोस, वहिनी माझ्या आवडीची मुगाची भाजी करते. मी कधी तक्रार केली नाही. पण पोळ्याला, नागपंचमीला, बाबा गेले तेव्हाच्या श्रावणातसुद्धा तू मला बोलावलं नाहीस. तार केलीस ती पाणी उघडल्यावर. पावसाळ्यात मला माहेर नाही, हे आपण दोघांनी कधी तोंडाने म्हटलं नाही.

आभाळ भरून आलं आहे. पुढे नंतर लिहिते.

१० जुलै

काल पत्र अर्धं टाकून मी कुठे गेले ते आता सांगते. हे यांनाही माहीत नाही.

ढग गडगडायला लागले की मी शीलाला कमलिनीबाईंकडे सोडते. मग बादली घेते आणि क्वार्टरांच्या ओळीपलीकडे मैदानात जो सार्वजनिक नळ आहे, त्याच्या ओट्यावर जाऊन बसते. बादली कशाला, तर कोणी विचारलं तर सांगता यावं. घरापासून लांब, लेकरापासून लांब, एकटी. पडायची असेल तर माझ्यावर पडू दे. शीलाला वाटतं आईला पावसात ती आवडत नाही. तिने एकदा विचारलंही होतं, मी तिला उगाच दटावलं.

कालही तशीच बसले होते. पाऊस एवढा होता की समोरचे दिवे दिसेनात. आणि त्या पावसातून शीला मैदान ओलांडत धावत आली. कमलिनीबाईंचा हात सोडवून आली होती. ओरडत होती, "आई, तू कावून भिजतेस? अंदर चल ना!"

दादा, मला तिला मागे जा म्हणायचं होतं. पण ते मैदान मला दिसेनासं झालं, पाटलाचं शेत दिसायला लागलं.

इतकी वर्षं जे आपण दोघं बोललो नाही ते आज लिहिते. रागावून नाही लिहीत. रोवणीचे दिवस होते. पाऊस आला म्हणून सगळ्या बाया शेतातल्या झोपडीत शिरल्या. मी नऊ वर्षांची, तू बारा. आई मागे राहिली होती, धानाच्या रोपांचा शेवटचा भारा आणायला. कोणी एक म्हातारी बोलली, "हे पायाळू पोट्टी इथं कायले? ईज हिच्यावर आली तं साऱ्याइले घेऊन जाईन." सगळ्या माझ्याकडे पाहायला लागल्या. मी तुझा सदरा धरला. आणि तू माझा हात झटकलास, मला दाराबाहेर ढकललंस. "पंचे, बाहेर हो! तुह्यापायी आमी सारे मरू!"

मी धुऱ्यावरून, बांधाबांधाने पळाले आणि दूर चिखलात जाऊन बसले. तेवढ्यात आई झोपडीशी पोचली. तिचा आवाज मला तिथवर आला, "माही पंची कुठी हाय?" तिने भारा तिथेच टाकला आणि धुऱ्यावरून माझ्याकडे धावत सुटली. मी ओरडले, "येऊ नको, आई!" ती आली. मग उजेड झाला. एवढंच.

तू बाबांना सांगितलंस, पंची आपल्या मनाने पळाली. बाया गप्प राहिल्या. मीही गप्प राहिले. गाव म्हणालं, वीज पोरीची होती, आईने घेतली. मी ते खरं मानलं, दादा. कालपर्यंत मानत होते. तुझंही तेच झालं असेल. ढकललं हे आठवत राहण्यापेक्षा, वीज पंचीचीच होती, हे मानणं तुला सोपं गेलं असेल. बारा वर्षांचं पोर तू, तुझ्यावर मी काय रागवू?

काल शीलाला उचललं आणि पळत घरी आले. तिला मांडीत घेऊन भिंतीला टेकून बसले. तिच्या कानांवर हात ठेवले, माझ्या कानांवर तिने ठेवले. वीज पडली. नेहमी पडते तशीच चिमणीवर, मोठ्ठा आवाज करून. दिवे गेले, थोड्या वेळाने आले. शीला मांडीतच झोपून गेली होती. मी खूप रडले. भीतीने नाही. आई माझी वीज अंगावर घ्यायला धावली नव्हती, दादा. तिची मुलगी पावसात भिजत होती, म्हणून ती मला आत न्यायला आली होती. शीलाही तेवढ्याचसाठी आली. याच्यात पायाळूचा काही संबंध नव्हता. आईला त्या पोरीचं नाव 'पंची' एवढंच माहीत होतं.

आता तुझ्या मुलीचं सांगते. ती मला हवी आहे. किती हवी आहे ते लिहिलं तर कागद पुरणार नाही. तिला इथे दूध मिळेल, शाळा मिळेल, शीलासारखी बहीण मिळेल आणि कंबर धरली म्हणून पालथे झोपणारे बाबा मिळतील. पण एक दिवस ती विचारेल, आत्या, मला माझ्या घरून का पाठवलं? तिला मी काय सांगू? मी तुला दोष दिलेला नाही, पण ती देईल. आणि दिला नाही तर माझ्यासारखी स्वतःला देईल, आणि ढग आले की कुठल्यातरी नळावर बादली घेऊन बसेल.

म्हणून मी तिला न्यायचं अजून ठरवत नाही. मी येतेय. या शनिवारी शीलाला घेऊन दुर्गहून गाडीत बसते, तुमसर रोडला उतरते. पाऊस असेल. असू दे. तुझ्या घरात, तुझ्या तिन्ही लेकरांच्या मध्ये, बाळाला मांडीवर घेऊन मला पावसात बसायचं आहे. तूही आमच्याजवळ बस. वाटलं तर भी, पण उठून जाऊ नको.

दारात आले की मी उंबऱ्याबाहेर थांबेन. तेव्हा तू फक्त एवढं म्हण, "पंचे, आत ये." वहिनीला म्हणू देऊ नकोस. मला ते तुझ्या तोंडून ऐकायचं आहे. आणि नाहीच निघालं तोंडातून, तर रागावणार नाही. बाळाला दुपट्यात गुंडाळून दारातच माझ्या हातात दे, मी आत न येता तशीच मागे फिरेन. दोर इथे बांधलेलाच आहे.

तुझीच पायाळू बहीण,
पंचफुला