तिसऱ्या खुर्चीतला पाहुणा

सोमवार, ४ ऑगस्ट

देवाची कृपा. ब्रिस्बेनच्या रुग्णालयामागचं हे छोटं घर आम्हा दोघांना पंधरा दिवसांसाठी मिळालं. स्वयंपाकघर लख्ख, खिडकीत ऊन. तारोचे कंद आणि हिरवी केळी घरूनच आणली आहेत, उगाच बाहेरचं विकत कशाला घ्या.

माझ्या नवऱ्याचे, इओसेफोचे झटके मेंदूत कुठून सुरू होतात ती जागा शोधायची आणि पुढच्या शुक्रवारी तेवढीच कापायची, असं ठरलं आहे. प्रार्थनेत त्याला कधीच झटका येत नाही. म्हणून डॉक्टर ब्रोनीला आमची सांजप्रार्थनाच मोजायची आहे. आमच्या दोघांच्या डोक्यांवर तारांच्या टोप्या. तिसरी टोपी तिसऱ्या खुर्चीतल्या प्लास्टरच्या डोक्यावर. खोलीतल्या विजेची भणभण तेवढी तिने पकडायची.

तो पांढरा, उपाशी चेहरा पाहून मला राहवलं नाही. आम्हा सामोअन लोकांत रस्त्याने जाणाऱ्यालाही हाक घातल्याशिवाय कोणी पानावर बसत नाही. मी म्हटलं, या पाहुणे, बसा आमच्यात. ब्रोनी हसली. इओसेफो म्हणाला, ही बाई भिंतीलासुद्धा वाढेल.

बुधवार, ६ ऑगस्ट

ब्रोनीने आज नीट समजावलं. मेंदूत लाटा उठतात, बसतात. माझ्या मागच्या लाटा ठाऊक असल्यामुळे जर इओसेफोची पुढची लाट जास्त नेमकी ओळखता आली, तर माझ्याकडून त्याच्याकडे बातमी गेली. तसा बाण काढायचा. नुसतं एका लयीत डोलणं धरायचं नाही. चर्चमध्ये सगळेच डोलतात, पण सूर कोण उचलून देतं ते शोधायचं.

पडद्यावर माझ्याकडून त्याच्याकडे जाडजूड बाण. इओसेफो म्हणाला, घरात हुकूम कोणाचा चालतो हे मी लग्नापासून सांगतोय, यंत्राला आज कळलं.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

आपल्या पाळीला प्रत्येकाने एक पाठ वचन म्हणायचं, ही आमच्या प्रार्थनेची रीत. इओसेफोने आपलं म्हटलं. मग माझी पाळी. पण त्याने हात वर करून मला थांबवलं, मान कलती करून काहीतरी ऐकलं आणि मग मला खूण केली. नंतर विचारलं तर म्हणाला, कसला हात?

ब्रोनीने आज पडदा दाखवला नाही. माझ्याकडे न बघताच तारा गुंडाळत होती. ही बाई काहीतरी लपवते आहे.

शनिवार, ९ ऑगस्ट

मी खनपटीला बसले तेव्हा तिने सांगितलं. तिसऱ्या खुर्चीकडून इओसेफोकडे बाण येतो आहे. टोपी बिघडली असेल म्हणाली. माझा विश्वास नाही. हिनेच काही खेळ मांडला असेल. ती कॉफीला गेल्यावर मी खुर्चीखाली हात घातला, खिडकीचा पडदा सरकवला, प्लास्टरचं डोकं उचलून पाहिलं. आत पोकळ.

टोपी नवी आणली. बाण तोच.

सोमवार, ११ ऑगस्ट

आज ऐन प्रार्थनेत झटका आला. आजवर असं कधी झालं नव्हतं. ब्रोनी म्हणते, बाण आधी आला, झटका मागून.

शुद्धीवर आल्यावर त्याने मला अदबीने विचारलं, “बाई, तुम्ही कुठल्या गावच्या?”

आवाज त्याचाच. पण असं पाहुणा विचारतो.

मंगळवार, १२ ऑगस्ट

खुर्चीला हात जोडले. म्हटलं, आता निघा. इओसेफो डोळे मिटूनच बोलला, “पाहुण्याला कोणी जा म्हणतं का?”

खरं आहे. म्हणत नाहीत. बोलावलं मी. निरोप त्यानेच घ्यायचा.

शुक्रवारी डोकं उघडणार. मूळ आत नाहीच, तर हे कापणार काय? आणि तोवर इओसेफो किती उरेल —

बुधवार, १३ ऑगस्ट

ब्रोनीसमोरच म्हटलं. “पाहुणे, हाक माझी होती. त्याच्याकडे काय बसता? इकडे या.”

देवा, सांभाळ.

गुरुवार, १४ ऑगस्ट

इओसेफोवर एकही बाण नाही. झटक्यांची जागाच सापडेना, म्हणून उद्याची शस्त्रक्रिया रद्द. दोनदा तारो मागून घेतला, वर मीठ कमी म्हणून कुरकुरला. मला लोसा म्हणून हाक मारली. मी रडले.

बाण आता कोणाकडे, विचारलं. ब्रोनी माझी टोपी काढत होती. तिने पडदा भिंतीकडे वळवला. टोपीच बिघडली आहे म्हणाली —

शुक्रवार

प्रार्थना. त्याचं वचन झालं. आता माझं. पाठ आहे, लहानपणापासून — पण आधी त्यांचं होऊ दे —

तो म्हणतो, लोसा, थांबलीस का —

लोसा कोण —

रडतो आहे. भला माणूस दिसतो. विचारावं, तुम्ही कुठल्या गा