न्हाणीघराच्या बाजूला

आईस, वाकून नमस्कार. कुठल्या दिशेला वाकलो ते विचारू नकोस, तिथेच घोळ झालाय.

निघताना तू विचारलंस, "नेमका कुठल्या बाजूला असशील रे?" गाडी दारात उभी होती. मी घाईत स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बोट दाखवलं. ताई म्हणते, तेव्हापासून तू रोज तिथेच तोंड करून चहा घेतेस.

काल शेजारच्या शिंप्याने नकाशा दाखवला. मी बरोबर उलट, न्हाणीघराच्या बाजूला आहे गं!

खुर्ची हलवू नकोस. न्हाणीघराकडे बघत चहा कोण पितं? गुडघा कसा आहे? मी वेळेवर जेवतो.

इथे मीही तुझ्याकडे पाठ करूनच शिवत होतो. आज मुकादमाची बोलणी खाऊन मशीन फिरवून घेतलं. ऊन डोळ्यांवर येतं, पण आपल्या दोघांपैकी एकाचं तरी तोंड बरोबर दिशेला असू दे.

तुझा,
धाकटा