एकाहत्तर टक्के

सोमवार, ३
आले एकदाची! नोकरी लागली, खोली मिळाली, आणि खोलीला चक्क खिडकी आहे. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते, पण भिंत तर भिंत, उजेड तर येतो.

शीतगृह इथून चालत बारा मिनिटांवर. बाहेरून नुसता एक भलामोठा पांढरा डबा. आत पाच खोल्या. पहिल्या तीन भाज्या-फळांच्या, साध्या थंड. चार आणि पाच नंबरच्या मात्र गोठवण्याच्या, उणे बावीस. मासे, मटार, मांस, खोक्यांवर खोकी थेट छतापर्यंत. माझं काम असं की खोक्यावरचा कोड फोनने टिपायचा, मांडणीचा नंबर टाकायचा आणि पुढे सरकायचं. फोन आपला आपण आणायचा. कोट मात्र कंपनीचा. त्यात माझ्यासारख्या दोघी मावतील. खिशात ही वही आणि पेन्सिल राहते. पेन नेलं होतं, त्याची शाई पहिल्या दहा मिनिटांतच गोठली.

साहेब बरे वाटले. मुकादम आणि त्याची चार माणसं माल चढवतात-उतरवतात. फोर्कलिफ्ट चालवणाऱ्याला सगळे 'थर्मास' म्हणतात, कारण त्याच्या बगलेत कायम थर्मास असतो. त्याने मला पहिला चहा पाजला. इथे हसत राहायचं, म्हणाला, म्हणजे रक्त पातळ राहतं.

बिट्टीला ताईकडे ठेवलंय. तीन आठवडे. पोरगी निघताना रडली नाही, त्याचंच जास्त लागलं.

गुरुवार, ६
आज फजिती झाली. चार नंबरमध्ये गेले तेव्हा फोन साठ टक्के होता. वीस मिनिटांत डोळे मिटून बसला. बाहेर आणून चोळला, फुंकरा मारल्या, काही नाही. पाचच्या सुट्टीत बिट्टीला फोन करायचं कबूल केलं होतं. खोलीवर जाऊन चार्ज करून लावला तर ताई म्हणाली, ती फोनजवळ बसून बसून तिथेच झोपली.

मुकादमची माणसं खूप हसली. गारठ्यात फोन मरतो हे सगळ्यांना माहीत होतं, मला तेवढं सांगितलं नाही कोणी. असो. नव्या माणसाची थोडी गंमत होणारच.

शनिवार, ८
भाऊजी पार्सलने त्यांची बॅटरी केस पाठवतायत. त्यांचा नि माझा फोन एकाच वेळी घेतलेला, एकाच मॉडेलचा, त्यामुळे बसेल म्हणाले. ते फिरतीवर असताना वापरायचे. फोनच्या पाठीला दुसरी बॅटरी. आतली संपायला लागली की बाहेरची तिला भरवते.

मंगळवार, ११
आली केस! काळी, जाडजूड, पाठीवर चार निळे दिवे. बसवताना घाम फुटला. शेवटी टेबलावर ठेवून गुडघ्याने दाबली तेव्हा कुठे खटका बसला. फोन आता विटेएवढा झालाय. बिट्टीला दाखवला तर म्हणाली, आई, तुझा फोन जेवून आला का?

युक्ती अशी की फोन कोटाच्या आतल्या खिशात, अंगालगत ठेवायचा, कोड टिपण्यापुरता काढायचा. आज सबंध पाळी चालला. बाहेर आले तेव्हा ब्याण्णव टक्के. थर्मासने हातात घेऊन उलटापालटा करून पाहिला. किती तास चालतं हे, विचारत होता. मी फुशारकीने सांगितलं, दोन दिवस हलत नाही.

बुधवार, १२
एक गोष्ट खटकली. चार नंबरला आतून दार उघडायचं हिरवं बटण आहे, ते दाबलं तर नुसतं आत जातं. काही होत नाही. फोर्कलिफ्टच्या धक्क्याने मोडलंय म्हणे. साहेबांना लेखी दिलं. त्यांनी कागद फाइलीत ठेवला आणि फाइल कपाटात.

शुक्रवार, १४
तपासणीसाठी अधिकारी आला. त्याने सरळ मलाच विचारलं, बटण चालतं का. मी खोटं का बोलू? मोडलंय म्हटलं. मग जे व्हायचं ते झालं. साहेबांनी सगळ्यांसमोर मुकादमला झापलं आणि आठवडाभर घरी बसवलं. जाताना तो माझ्याकडे बघून हसला. नुसता हसला.

संध्याकाळी थर्मासने बाजूला घेतलं. माझ्या आधी जी बाई होती ती नोकरी सोडून गेली असं मला सांगितलं होतं, ते खरं नाही म्हणे. तिला मुकादमच्या माणसांनी गमतीने चार नंबरमध्ये कोंडलं होतं. नव्या माणसाला कोंडायचा खेळच आहे इथला. दाराला हाताएवढी काच आहे, तिच्यातून बघत बसायचं. आतला माणूस फोनचा टॉर्च लावून बसतो. फोन मेला की उजेड जातो, उजेड गेला की माणूस ओरडतो, ओरडला की दार उघडायचं. कोणाचा फोन किती मिनिटं टिकतो यावर पैजा लागतात. त्या बाईचा पंचवीस मिनिटं टिकला. पण तेवढ्यात गाडी आली, सगळे माल उतरवायला पळाले आणि विसरले.

तिची तीन बोटं गेली.

आणि तू काय लावलं होतंस पैजेत, मी विचारलं. तो म्हणाला, अठरा मिनिटं. मग चहा ओतायला लागला.

सोमवार, १७
मेकॅनिक आला. जुनं बटण काढून घेऊन गेला, नवं मागवावं लागेल म्हणाला. आता तिथे नुसतं भोक आहे आणि भोकात फडकं कोंबलंय.

साहेबांना म्हटलं, नवं बसेपर्यंत मी चार नंबरमध्ये जाणार नाही. ते म्हणाले, मग कामावरही येऊ नका.

मंगळवार, १८
दाराला लाकडी पाचर लावून आत जाते. दर दोन मिनिटांनी मागे वळून बघते. माझं मलाच हसू येतं. पण वळते.

शुक्रवार, २१
मुकादम परतला. माझ्याशी फार गोड वागला. झालं गेलं विसरून जा, ताई, म्हणाला. 'ताई' म्हणाला तेव्हा अंगावर काटा आला. मागे कोणीतरी फिसकन हसलं.

उद्या अर्धा दिवस, एकला सुट्टी. साडेचारच्या बसने ताई बिट्टीला घेऊन येतेय. ताईला त्याच बसने परत जायचंय, तेव्हा मी स्टँडवर हजर पाहिजे. नवी चादर आणली, पिवळी. बास, उद्याचा दिवस गेला की मी दुसरं काम शोधणार. ठरलं.

शनिवार, २२
दुपारचे १२.५०
नीट लिहिते, म्हणजे डोकं ठिकाणावर राहील. थर्मास आला. चार नंबरमधल्या एका खोक्याचा कोड राहिलाय, साहेब थांबलेत म्हणाला. पाचर तोच धरून उभा राहिला. मी उभा आहे ना, जा, म्हणाला. मी आत गेले. पाचर ओढल्याचा आवाज आला.

आतले दिवे बाहेरून बंद केले. फोनचा टॉर्च लावला. कोट आहे. हातमोजे नाहीत, स्क्रीनसाठी काढून बाहेर ठेवले होते.

काचेत चेहरे आहेत. मुकादम मधे.

१.०५
मी हुशारी केली. लगेच उजेड बंद करून ओरडले. काचेवर टकटक झाली. मुकादमने बोट हलवून नाही-नाही केलं आणि मोबाईलची खूण केली. लावून ठेव. खरोखर मरू दे. मी लावला नाही तर तो काचेपासून बाजूला झाला, एकेक करून सगळेच झाले. मी धावत जाऊन लावला. तेव्हा ते परत आले. हसत होते.

नेटवर्क नाही. भिंती पत्र्याच्या.

१.२०
फोन १००. केसचे चारही दिवे निळे. थर्मासने काचेतून पाहिलं आणि काहीतरी बोलला. मुकादमचं तोंड उतरलं. एकाने जांभई दिली.

आता समजलं. बाकीच्यांचे फोन वीस मिनिटांत मेले म्हणून ते बाहेर आले. माझा मरत नाही.

१.३५
चेहरे दोनच. घंटा झाली मघाशी, सुट्टीची. काचेवर मूठ आपटली, बिट्टी येणारेय, साडेचारला, बसस्टँड, हातवारे करून सांगितलं. थर्मास बघत होता. डोळे ओले होते त्याचे, मला नक्की दिसले. मग त्याने मनगटावरचं घड्याळ मुकादमला दाखवलं आणि दोघं—

काच रिकामी आहे.

१.५०
येतील. जेवायला गेले असतील. फोन मेल्याशिवाय पैज संपत नाही, म्हणजे बघायला येतीलच. म्हणजे फोन मेला पाहिजे. लवकर.

स्क्रीन पूर्ण उजळ केली. उजेड चालू. गाणी, व्हिडिओ, सगळं एकदम. बिट्टीचा वाढदिवसाचा व्हिडिओ लावलाय, पुन्हा पुन्हा लागतोय. मेणबत्ती फुंकते आणि माझ्याकडे बघते.

२.१०
८० झाला. उतरतोय. चाललाय.

चालतेय, उभी राहिले तर पाय—

२.२५
७१.

२.३०
७३. वर जातोय. केस त्याला भरवतेय. मी संपवते आणि ती भरते.

काढायला बघतेय. खटका निघत नाही. बोटांना कळत नाही कुठे आहे. दातांनी धरला. ओठ चिकटला, सुटला, रक्त. गरम लागलं. बरं वाटलं.

बिट्टी मेणबत्ती फुंकते.

२.५०
थरथर थांबली. हे वाईट असतं ना? कुठेतरी ऐकलंय. झोप येतेय. मटारच्या खोक्यांना टेकले तर—

नाही टेकायचं.

तीन वाजून
७६. एक निळा दिवा गेला. तीन आहेत. तीन.

काचेत कोणीतरी आलं. मुकादम? ओरडले. उजेड दाखवला, हलवला. त्याने पाहिलं. चालू आहे हे पाहिलं. मान हलवली, हसला, आणि गेला. चालू आहे म्हणून गेला

उजेड नको. नको. मांडणीच्या लोखंडावर आपटते

आपटला. तीनदा. चौथ्यांदा गेला. बिट्टीचा आवाज आधी गेला, मग उजेड.

अंधारात लिहितेय. ओळीवर ओळ येत असेल. पेन्सिल मुठीत धरलीय, बोटांत राहत नाही

ओरडतेय, आवाज येत नाही मला, बाहेर जातोय का

काच काळी. बाहेरचे दिवे पण बंद केले त्यांनी. कुलूप— मोठं दार लावल्याचा आवाज आला. सोमवारी उघडतात

चार वाजले असतील. ताई, बसमधून उतरू नको. नाहीतर थांब तिच्याजवळ. ती म्हणेल आई येते म्हणाली, तू जा. तिचं ऐकू नको, तिला एकटीला स्टँडवर सोडू न