मिठाचा हात

डोंबिवली (पूर्व)
मंगळवार, पहाट

प्रिय अद्वय,

हे पत्र तुझ्या डब्याच्या पिशवीत कसं आलं, ते शेवटी सांगते. आधी वाच. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, 'आई, मुद्द्यावर ये' म्हणतोस, म्हणून कागद घेतला.

शनिवारी तू ठाण्याच्या त्या बंदूकवाल्याच्या दुकानातून फोन केलास. बाबा गेल्यावर त्यांचं रिव्हॉल्वर आपण तिथे जमा केलं, ते सात महिन्यांनी तू पहिल्यांदा उघडून बघितलंस आणि दुकानदारासमोर माझ्यावर ओरडलास. हे असं गंजलं कसं? चक्र जागचं हलत नाहीये, तूच तेलपाणी करायचीस ना, लक्ष कुठे होतं तुझं? मी म्हटलं, पावसाळ्यात राहून गेलं रे. आपल्याकडची ही एमआयडीसीची हवा, तिने खिडकीचे गज खाल्ले, रिव्हॉल्वरचं काय घेऊन बसलास. तुला लगेच पटलं. आईकडून काहीतरी राहून गेलं म्हटलं की तुला चटकन पटतं. वर दुकानदाराला सांगितलंस, जेवढा निघेल तेवढा गंज काढा, नवे भाग टाका, परवाना माझ्या नावावर होतोय, फक्त आईची सही यायचीय. ना हरकतीचा तो स्टँपपेपर तीन आठवडे माझ्या टेबलावर पडून आहे. सहीच्या जागी पेन्सिलीने फुलीसुद्धा मारून दिलीस. चौतीस वर्षं शाळेत शिकवलं रे मी. सही कुठे करतात ते कळतं मला.

तर गंज. बाबांनी ते रिव्हॉल्वर घेतलं तेव्हा तू दुसरीत होतास. मानपाड्याला आपलं रंगाचं युनिट जोरात होतं आणि खंडणीचे फोन यायचे. बाबांनी परवाना काढला, बत्तीस बोअरचं घेतलं, आणि चामड्याच्या कव्हरात घालून कमरेला लावून आठ दिवस मिरवलं. मग हौस फिटली. तळमजल्यावरचे तानाजीराव आठवतात का तुला? पोलिसांच्या शस्त्रागारातून निवृत्त झालेले, गोल टोपी घालायचे. ते एका रविवारी बाबांना साफसफाई शिकवायला आले. बाबा दहा मिनिटांत फोन आला म्हणून उठले आणि मी चहा घेऊन गेले होते ती तिथेच बसले. त्या दिवसापासून ते काम माझ्या गळ्यात पडलं. घरातली सगळी कामं अशीच पडली म्हणा माझ्या गळ्यात, कोणीतरी फोनला उठून गेलं म्हणून.

तानाजीराव मात्र शिकवण्यात माझ्यापेक्षा चांगले होते. आधी चक्र उघडा वहिनी, गोळ्यांची सहाही घरं रिकामी बघा, मग बोट लावून परत बघा, डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. वरवरचा गंज लाल पुडीसारखा असतो, त्याला घाबरायचं नाही. तेलाचा हात फिरवा, थोडा वेळ राहू द्या, मग अगदी मऊ स्टीलवूलने हलके हलके पुसा. भांडी घासल्यासारखं घासलंत तर वरचा निळसर रंग जाईल आणि मग उघडं लोखंड दुप्पट गंजेल. शेवटी कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा पातळ थर द्या, चिकट होईल इतका नको. चामड्यात ठेवू नका, चामडं ओल पितं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पुसून झाल्यावर परत बोट लावायचं नाही. माणसाचा हात म्हणजे मिठाचा हात, वहिनी. गंज जितका पावसाने येत नाही तितका हाताने येतो.

मी तुझ्या तान्हेपणीच्या फ्लॅनेलच्या दुपट्याची पिशवी शिवली. बुटांच्या खोक्यांत येतात ना त्या ओल टिपायच्या पुड्या, त्या बिल्डिंगभर मागून आणायचे आणि दर पावसाळ्यात तव्यावर सुकवायचे. महिन्यातून एका रविवारी, तुम्ही दोघं जेवून लवंडलात की मागच्या बाल्कनीत वर्तमानपत्र पसरून बसायचे. हाताला तेलाचा वास राहायचा आणि संध्याकाळी पोळीला तो वास येतो म्हणून तू ताट सरकवायचास. बाबांचं काम एकच, खंडेनवमीला पूजा. कारखान्यातल्या पान्यांच्या शेजारी रिव्हॉल्वर मांडायचं, वर पाणी शिंपडायचं, हळदकुंकू, झेंडूचं ओलं फूल. दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही, देवाचं आहे म्हणून. दसऱ्याच्या सकाळी फुलाखाली रुपयाएवढा लाल डाग तयार. मी कितीदा सांगितलं, कोरडी पूजा करा हो. ऐकतील तर शप्पथ! बावीस दसरे बाबांनी पूजा केली आणि मी गंज काढला.

आणि तुझा अंगठा. सहावीत होतास. कपाट उघडं दिसलं, काढलंस, हाताळलंस, परत ठेवलंस, आणि आपल्याला कोणी पकडलं नाही म्हणून खूश होतास. चार दिवसांनी मी पिशवी उघडली तर लोखंडावर तुझी चार बोटं आणि एक अंगठा, रेघा न रेघा लाल उमटलेल्या. बाबांनी मागून पाहिलं आणि तुझ्या कानफटात दिली. मी मध्ये पडले तर मलाही धक्का बसला. बोटं मी तेलाने काढली. अंगठा मात्र खोल गेला होता, मुठीच्या वर, बाजूला, तो काही निघेना. पुढे गंमत अशी, की बाबाच पाहुण्यांना तो अंगठा दाखवायला लागले. आमच्या चिरंजीवांची सही आहे म्हणायचे. तुझ्यासमोर कधी म्हणाले नाहीत. तुझ्यासमोर त्यांना चांगलं काही बोलताच यायचं नाही आणि तुला त्यांच्यासमोर. तुम्हा दोघांच्या मध्ये मी वीस वर्षं निरोप्यासारखी ये-जा केली, माझे पाय दुखले, पण तुमचं काही जमलं नाही.

आता जे तुला माहीत नाही ते. पाच वर्षांपूर्वी युनिट बंद पडलं, तेव्हा तू म्हणालास बरं झालं, बाबांनी आता आराम करावा. आराम! माणूस सकाळी साडेआठला इस्त्रीचा शर्ट घालून तयार व्हायचा आणि खुर्चीत बसून राहायचा. जेवण अर्धं टाकायचे. बोलणं बंद. एका दुपारी मी खोलीत गेले तर पलंगपोसावर काडतुसं ओळीने मांडलेली. एरवी ती वेगळ्या कप्प्यात असायची, किल्ली त्यांच्या कमरेला. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, त्यात तेल घातलंयस ना? नीट चालतंय ना? बावीस वर्षांत त्यांनी हा प्रश्न कधी विचारला नव्हता.

मी तुला फोन केला होता. आठवतं? नसेल आठवत. मी म्हटलं, अरे बाबांचं काहीतरी बिनसलंय, तू ये, एकदा त्यांच्याजवळ बस. तू म्हणालास, आई, तू उगाच टेन्शन घेतेस, बाबा स्ट्राँग आहेत, रविवारी बघतो. ठाण्यातल्या तुझ्या माजिवड्याहून डोंबिवली, अंतर ते किती. तो रविवार सव्वाचार महिन्यांनी आला, गणपतीत, आणि आरती झाल्यावर तू पार्किंगचं कारण सांगून निघालास. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. आज दाखवते. मला तेव्हा तुझा इतका राग आला होता की तुझा फोन आला तरी मी मुद्दाम दोनदा वाजू द्यायचे. तो राग अजून गेलेला नाही.

लपवलं असतं तर बाबांनी घर पालथं घातलं असतं. हरवलं म्हटलं असतं तर पोलीस, पंचनामा, आणि चारचौघांत त्यांची शोभा. मग मला तानाजीराव आठवले. आयुष्यभर जे जे टाळायला शिकले, ते ते सगळं उलटं केलं. कैरीच्या लोणच्याची बरणी रिकामी झाली होती, तिच्यात मिठाचं दाट पाणी कालवलं, दुपट्याची पिशवी त्यात बुडवली, पिळली, आणि ओल्या पिशवीत रिव्हॉल्वर घालून चामड्याच्या कव्हरात कोंबलं. दर दोन दिवसांनी परत भिजवायचे. नातवंडाच्या दुखण्याला बसावं तशी रोज दुपारी जाऊन बघायचे. आधी लाल पूड आली, मग खपल्या, मग चक्राच्या फटी भरल्या. खड्डे पडणारा गंज तो. तो कोणाच्या बापाला निघत नाही, तुझ्या दुकानदारालाही निघणार नाही. राहून गेलं म्हणे! माझ्याकडून काही राहून गेलं नाही, अद्वय. इतकं मन लावून मी दुसरं कुठलं काम केलं नसेल.

अठरा-वीस दिवस झाले असतील. मी ओट्याशी मेथी निवडत होते. आतल्या खोलीचं दार लागलं. मी उठले नाही. मेथीची पानं कोणत्या बाजूला टाकतेय आणि काड्या कोणत्या, कळत नव्हतं. बऱ्याच वेळाने दार उघडलं आणि बाबा आले. हातात रिव्हॉल्वर, दुपट्यात गुंडाळलेलं. ते ओट्यावर ठेवलं आणि म्हणाले, फिरत नाहीये. गंज चढलाय. मी मान वर केली नाही. मग ते म्हणाले, अद्वयचा अंगठाही गेला गं त्यात. आणि स्टुलावर बसून रडले, तोंडावर हात न घेता, लहान मुलासारखे. रडून झाल्यावर म्हणाले, चहा टाक. चाळीस वर्षं केमिकलमध्ये काढलेल्या माणसाला मीठ ओळखता येत नाही होय? दुसऱ्या दिवशी काडतुसं स्वतः दुकानात जमा करून आले. आठवड्याने माझ्याबरोबर डॉक्टरकडे आले. त्यानंतर ते चार वर्षं जगले, कुरकुरत, माझ्या भाजीला नावं ठेवत, आणि गेले ते हृदयाने, झोपेत. त्या विषयावर आम्ही एक शब्द बोललो नाही. फक्त लोणच्याची ती बरणी परत ओट्यावर दिसली की ते तिला हात लावून पुढे जायचे.

हे सगळं तुला कधीच सांगणार नव्हते. पण गेल्या बुधवारी सूनबाईचा, शिवानीचा फोन आला. तिने शपथ घातली होती तुला सांगायचं नाही म्हणून, ती मी मोडतेय, तिच्यावर चिडू नकोस. तुझी नोकरी सुटून तीन महिने झाले. तू रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालतोस, डबा घेतोस, आणि ठाण्याच्या तलावपाळीवर, तळ्याकाठच्या बाकावर बसतोस. जेवण अर्धं परत येतं. आणि याच तीन महिन्यांत तुला बाबांची आठवण म्हणून रिव्हॉल्वर हवंसं झालं. पंचविसाव्या मजल्यावर राहतोस, खाली चार वॉचमन, तुला कोणापासून रक्षण हवंय रे? शनिवारी फोनवर तू विचारलंस, दुरुस्त होऊन नीट चालेल ना? तो आवाज मी ओळखते. मी सही करणार नाही. दुकानात कालच लेखी देऊन आले, सरकारजमा करा म्हणून. आणि मी शिवानीला रविवारी बघते असं म्हटलं नाही. काल रात्रीच तुमच्याकडे येऊन शिवानीच्या आईच्या खोलीत झोपायचं मनात होतं, पण तू तोंड चुकवून सकाळी निघून गेला असतास. म्हणून आज सकाळी तू आंघोळीला गेलास की खाली गेटवर शिवानीच्या हातात हे पाकीट देते, ती पिशवीत घालेल, आणि मी रिक्षा करून तुझ्याआधी तलावपाळीवर पोचते. डबा अजून उघडू नकोस, मी मेथीची भाजी आणलीय, गरम आहे. समोरच्या बाकावर आहे मी, हिरव्या साडीत. सावकाश वाच, आणि वाचून झालं की मान वर कर.

तुझीच, गंज चढवणारी,
आई